अर्थनिर्णय आणि कारावास : नाशिकचा १९०९ चा खटला व त्याच्या मागेपुढे

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत लेखकाच्या तुरुंगवासाचा उल्लेख बहुधा चरित्राच्या रकान्यात येतो. अमुक साली अटक, अमुक वर्षांची शिक्षा, तुरुंगात अमुक ग्रंथाचे लेखन आणि मग सुटका, एवढे नोंदवून इतिहासकार पुढच्या ग्रंथाकडे वळतो. तुरुंगवास हा लेखकाच्या त्यागाचा पुरावा म्हणून आदराने सांगितला जातो, आणि तो आदर योग्यच होय. तथापि या आदरामुळे एक गोष्ट दृष्टिआड होते. लेखकाला त्याच्या लेखनाबद्दल शिक्षा करावयाची तर त्यापूर्वी कोणीतरी ते लेखन वाचावे लागते, त्याचा अर्थ ठरवावा लागतो आणि तो अर्थ इतरांच्या गळी उतरवावा लागतो. म्हणजे शिक्षेच्या अगोदर एक प्रकारची टीका घडून गेलेली असते. ही टीका सरकारी भाषांतरकार करतो, वकील करतो, न्यायाधीश करतो. तिची भाषा बहुधा इंग्रजी असते आणि तिचा निष्कर्ष सक्तमजुरीच्या किंवा काळ्या पाण्याच्या वर्षांत सांगितला जातो. या टीकेची परीक्षा वाङ्मयाच्या व भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी करावयास हवी होती. ती त्यांनी बहुतांशी वकिलांवर सोपवली.

अशा परीक्षेला नाशिकइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ८ जून १९०९ रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना ‘लघु अभिनव भारतमाला’ या छोट्या काव्यपुस्तिकेच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. पुस्तिकेतील कविता कवी गोविंद यांच्या होत्या. तिळभांडेश्वराच्या बोळात राहणाऱ्या, पायांनी अधू असलेल्या गोविंद त्र्यंबक दरेकर यांचे काव्य तेव्हा नाशिकच्या तरुणांच्या तोंडी होते. या खटल्यातील अर्थनिर्णय कसा झाला हे पाहण्यापूर्वी ज्या कलमाच्या छायेत असे सर्व खटले चालले त्यातील एका शब्दाचा विचार अपरिहार्य आहे.

राजद्रोहाचे १२४-अ हे कलम भारतीय दंडसंहितेत १८७० साली घालण्यात आले. सरकाराविषयी जी भावना चेतविणे हा या कलमान्वये गुन्हा ठरतो, तिला मराठीत ‘अप्रीती’ म्हटले जाते. मूळ इंग्रजी शब्दही असाच, प्रीतीच्या वाचक शब्दाला नकारार्थी उपसर्ग लावून सिद्ध झालेला आहे. आता हा नकार कोणत्या जातीचा मानावयाचा? संस्कृत वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अपाप’ म्हणजे ज्याच्या ठायी पापाचा अभाव आहे तो, परंतु ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असे काही. ‘अमित्र’ हा शब्द तर याचे उत्तम उदाहरण होय. जो मित्र नाही असा प्रत्येक वाटसरू अमित्र होत नाही. अमित्र म्हणजे शत्रू. व्यवहारातील मराठीत ‘अनास्था’ म्हणजे आस्थेचा अभाव एवढेच आपण समजतो, पण ‘असंतोष’ म्हटले की काही तरी धुमसत असल्याची जाणीव होते. तेव्हा ‘अप्रीती’ला ‘अनास्थे’च्या पंक्तीला बसवावयाचे की ‘अमित्रा’च्या, हा केवळ शब्दच्छल नाही. पहिला अर्थ घेतला तर सरकारविषयी प्रेम न वाटणारा सारा प्रजाजन गुन्हेगारीच्या उंबरठ्यावर येतो. दुसरा घेतला तर निदान काही तरी वैर दाखवावे लागते.

१८९१ साली कलकत्त्यास ‘बंगबासी’ पत्राविरुद्धच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथेरम यांनी विरोधाचा अर्थ घेतला. प्रीतीच्या उलट असलेली भावना, म्हणजे नावड वा द्वेष, असे त्यांचे म्हणणे होते. सहाच वर्षांनी मुंबईत न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे लोकमान्य टिळकांचा पहिला राजद्रोहाचा खटला चालला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता त्यास निमित्त झाली होती. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगताना प्रीतीचा अभाव अशी व्याख्या केली आणि तिच्या पोटात द्वेष, वैर, नावड, तिरस्कार अशा सर्व प्रकारच्या दुर्भावना घातल्या. अभाव आणि विरोध या दोन अर्थांतील सीमारेषा अशा रीतीने पुसली गेली. १४ सप्टेंबर १८९७ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मताने टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. स्ट्रॅचींच्या व्याख्येवर एवढा गदारोळ उठला की १८९८ मध्ये कलमाला स्पष्टीकरण जोडून, या शब्दात अराजनिष्ठा आणि वैराच्या सर्व भावना येतात, असे कायद्याला सांगावे लागले. वैयाकरणांच्या परिभाषेत बोलावयाचे तर अभावाकडे झुकलेला नञ् पुन्हा विरोधाकडे ओढला गेला. परंतु स्पष्टीकरणात ‘येतात’ असे म्हटले होते. ‘एवढाच अर्थ आहे’ असे म्हटले नव्हते. विधिनियमाच्या भाषेतील या लहानशा क्रियापदाने पळवाट लेखकाला ठेवली नाही, सरकारला ठेवली.

येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पुढे १९१० मध्ये व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने टिळकांना जे विशेषण निंदेच्या हेतूने लावले, ते मराठीने ‘असंतोषाचे जनक’ असे भाषांतरून गौरवार्थी करून टाकले. कायद्याला जी अप्रीती दंडनीय वाटत होती, तिचेच सख्खे भावंड असलेला शब्द मराठी समाजाने पदवी म्हणून मिरवला. शब्दाचा अर्थ कोशात ठरत नाही, त्याचा वापर करणारा समुदाय तो ठरवतो, याचे याहून चांगले उदाहरण अर्थविचाराच्या वर्गात देता येणार नाही.

१९०८ च्या खटल्यात नेमका हाच मुद्दा टिळकांनी न्यायालयापुढे मांडला. ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) हे दोन अग्रलेख त्यांच्याविरुद्ध मुख्यत्वे वापरले गेले. यांपैकी दुसरा लेख मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा होय, कारण तो स्फोटक द्रव्यांचा व वृत्तपत्रांचा असे दोन नवे दडपशाहीचे कायदे होताच त्यांच्यावर लिहिलेला आहे. लोकांना राज्यकारभारात हक्क दिल्यावाचून बाँबचे संकट टळणार नाही आणि वृत्तपत्रांची तोंडे बांधून तर मुळीच टळणार नाही, असा त्याचा सारांश. ‘मानवी हक्क’ हा शब्दप्रयोग तेव्हा मराठीत रूढ व्हावयाचा होता. १९४८ चा जागतिक जाहीरनामा चाळीस वर्षे दूर होता. परंतु शासनाच्या उपायांवर टीका करण्याचा प्रजेचा हक्क ही त्या लेखाची मध्यवर्ती कल्पना आहे, आणि त्या हक्काचा वापर केल्याबद्दलच लेखक तुरुंगात गेला.

या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला व त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक काळ चालले, ही माहिती शाळकरी मुलांनाही असते. त्या भाषणाचा मोठा भाग भाषाशास्त्रीय आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी टिळकांनी शब्दकोश हाताशी घेऊन केली. नव्या राजकीय कल्पना मराठीत आणताना संपादकाला जुन्या शब्दांना नवे अर्थ द्यावे लागतात, आणि भाषांतरकार त्या शब्दांचे जुने कोशगत अर्थ इंग्रजीत नेऊन ठेवतो. त्यामुळे मूळ लेखात नसलेली तीव्रता भाषांतरात शिरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो किती मार्मिक आहे हे कोणत्याही साध्या उदाहरणाने पटेल. मराठीत ‘वध’, ‘खून’ आणि ‘हत्या’ हे तीन शब्द एकाच कृतीला लावता येतात. परंतु कंसाचा वध होतो, खून होत नाही. ‘खून’मध्ये फौजदारीची छटा आहे, ‘वधा’त कथेची व न्यायाची, ‘हत्ये’त पातकाची. तिन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द ठेवला की लेखकाची भूमिका वाचकाच्या हाती न लागता भाषांतरकाराची भूमिका लागते.

परंतु टिळकांचा खरा आक्षेप याहून खोल होता. ज्या वाचकवर्गावर लेखाचा परिणाम झाला असे म्हणावयाचे, तो मराठी वाचकवर्ग. आणि परिणाम ठरविणारी ज्यूरी सात युरोपियनांची व दोन पारशांची. मूळ लेखाची भाषा जाणणाऱ्यांचे बहुमत तिच्यात असावे ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. सात विरुद्ध दोन असा निकाल झाला. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. मधल्या अकरा वर्षांत वाचक तोच राहिला, त्याचे आसन तेवढे बदलले, एवढे म्हणून हा प्रसंग सोडून देता येईल. त्याच जुलै महिन्यात ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. परांजप्यांचे सारे सामर्थ्य उपरोधात होते. स्तुतीच्या शब्दांत निंदा लिहिणाऱ्या लेखकाला शिक्षा करताना सरकारला वाच्यार्थ सोडून व्यंग्यार्थावर बोट ठेवावे लागले, म्हणजे व्यंजनाशक्ती मान्य करावी लागली. ध्वनिकारांना यापेक्षा अधिक अनपेक्षित अनुयायी मिळाले नसतील.

वर सांगितलेल्या दोन्ही टिळक-खटल्यांत अन्यायाचे खापर भाषांतरावर व मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीवर फोडता येते. मराठी टीकाकारांनी ते फोडलेही आहे. मूळ मराठी जाणणारा वाचक न्यायासनावर असता तर निकाल निराळा लागला असता, असे गृहीत त्यामागे आहे. नाशिकच्या खटल्याचे महत्त्व असे की हे गृहीत तेथे टिकत नाही.

बाबाराव सावरकरांचे अपील १९०९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात चंदावरकर व हीटन या न्यायमूर्तींपुढे आले. नारायण गणेश चंदावरकर हे प्रार्थना समाजाचे नेते, संतवाङ्मयाचे व्यासंगी आणि १९०० च्या लाहोर येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष. मराठी कविता वाचून तिचा रोख ओळखण्यास त्यांना भाषांतरकाराची गरज नव्हती. बचावपक्षाचे म्हणणे असे की या कविता पुराणातील देवदेवतांच्या व इतिहासातील वीरांच्या आहेत. त्यांत विद्यमान सरकारचे नाव नाही. चंदावरकरांनी हे मानले नाही. देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे ही केवळ निमित्ते आहेत. त्यांच्या आडून परकीय व जुलमी सरकारविरुद्ध शस्त्र उचला हाच उपदेश केलेला आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

वाङ्मयदृष्ट्या पाहता हे वाचन चुकले असे म्हणता येत नाही. अप्रस्तुताचे वर्णन करून प्रस्तुत सुचविणे याला आलंकारिक ‘अप्रस्तुतप्रशंसा’ म्हणतात, आणि ‘अन्योक्ती’ म्हणून मराठी वाचक तिला चांगले ओळखतो. १९०९ च्या नाशिकमध्ये दैत्यसंहाराच्या कवितेतील दैत्य कोण, हे शाळेतल्या मुलालाही कळत होते. कवीला ते कळावे अशीच अपेक्षा होती. किंबहुना या कविता नुसत्या पुराणकथा म्हणून वाचणे हा कवीवरच अन्याय झाला असता. वकिलाने बचावासाठी काव्य वाच्यार्थापुरते संकुचित केले आणि न्यायाधीशाने ते व्यंग्यार्थासह स्वीकारले. रसिकता दुसऱ्याकडे अधिक होती, हे मान्य करणे भाग आहे.

मग वाद कोठे आहे? तो अर्थापाशी नाही, अर्थाकडून कृतीकडे जाण्याच्या वाटेवर आहे. बाबारावांवरील मुख्य आरोप १२१ व्या कलमाखालचा, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्ध करण्यास चिथावणी दिल्याचा होता. या निर्णयात हीटन यांनी केलेला भेद अतिशय महत्त्वाचा आहे. जोवर मनुष्य केवळ भावना प्रक्षुब्ध करतो, मनाची एक अवस्था निर्माण करतो, तोवर त्याचा अपराध राजद्रोहाच्या पुढे जात नाही. तो निश्चित व स्पष्टपणे कृतीला प्रवृत्त करतो तेव्हाच युद्धास साहाय्य केल्याचा अपराध घडतो, असे त्यांनी म्हटले. भेद असा नेटका सांगून, प्रस्तुत कविता दुसऱ्या प्रकारात बसतात, असा कौल त्यांनी दिला व जन्मठेप कायम राहिली.

या ठिकाणी मीमांसकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. वेदवाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भेद करून मीमांसेने असा नियम घातला की कथा, स्तुती, निंदा यांनी भरलेली अर्थवादवाक्ये स्वतंत्रपणे काही सांगत नाहीत. ती जवळच्या विधिवाक्याला पोषक म्हणून वाचावयाची, तात्पर्य विधीत. उच्च न्यायालयाने नकळत हाच नियम लावला. देवांच्या व शिवाजीच्या कथा हा अर्थवाद ठरला, ‘शस्त्र घ्या’ हा विधी ठरला, आणि सगळी पुस्तिका त्या एका विध्यर्थाची पोषक सामग्री झाली. परंतु मीमांसेचा हा नियम वेदासाठी आहे, काव्यासाठी नाही. मम्मटाने उपदेशाचे जे तीन प्रकार सांगितले त्यांत वेदाचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे धन्याच्या हुकमासारखा. पुराणेतिहासांचा मित्राच्या सल्ल्यासारखा. आणि काव्याचा कांतासंमित, म्हणजे प्रियेच्या आर्जवासारखा मानला आहे. काव्यातील आज्ञार्थ हा व्याकरणदृष्ट्या आज्ञार्थच असतो. पण तो कोणाला उद्देशून आहे, ऐकणारा त्या आज्ञेने बांधला जातो की नुसता हेलावतो, हे क्रियापदाच्या रूपावरून ठरत नाही. न्यायालयाने काव्यातील आज्ञार्थाला हुकमाचे बळ दिले. भावना व कृती हा हीटन यांचा भेद मुळात याच दोहोंमधील अंतर जपण्यासाठी होता. तो सांगितला गेला आणि त्याच निर्णयात निकामीही झाला.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाबारावांच्या घराच्या झडतीत बाँबच्या कृतीचे टंकलिखित सापडले होते. कवितांमागे एक गुप्त संघटना उभी होती. ज्यांनी खटला न्यायालयाकडे पाठवला ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आले असता अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांनी मारले गेले. स्वतः जॅक्सन संस्कृतज्ञ होते. कोकण व गुजरातच्या लोकसमजुतींची त्यांनी जमवलेली सामग्री पुढे एन्थोव्हन यांनी प्रसिद्ध केली, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ती आजही हाताळावी लागते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना फाशी देण्यात आले. तेव्हा गोविंदांच्या कविता म्हणजे निरुपद्रवी शब्दविलास होता, असा बचाव आज करणे म्हणजे बचावाच्या वकिलाचीच चूक पुन्हा करणे होय. या कवितांना मानवी हक्कांचे वाङ्मय म्हणणेही ओढाताणीचे ठरेल. प्रश्न इतकाच, की कागदावरील कवितेसाठी आजन्म काळे पाणी देताना कवितेपलीकडील पुरावा कवितेच्या अर्थात मिसळावा काय? भर्तृहरीने अर्थनियामकांत प्रकरण, देश, काल यांची गणना केली आहे, हे खरे. परंतु भर्तृहरी अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ निश्चित करण्याबद्दल बोलतो. अर्थ निश्चित झाल्यावर तो अपराध किती मोठा, हे प्रकरणावरून ठरवा, असे तो सांगत नाही. ‘शिवाजी’ या एका नावाचेच पाहावे. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी रचलेल्या पोवाड्यात तो कुळवाड्यांचा राजा आहे आणि त्याच्या आडून सुचविलेला विरोधी पक्ष निराळाच आहे. त्या पोवाड्यावर खटला झाला नाही. नाव तेच, सूचना निराळी, आणि सरकारला बोचली ती एकच.

यावरून कायद्याच्या दृष्टीची एक मर्यादा लक्षात येते, आणि तिचाही दाखला नाशिकलाच मिळतो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथे सुरू झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, सविनय कायदेभंगातील कैदी म्हणून नाशिकच्या तुरुंगात असलेले साने गुरुजी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहीत होते. या पुस्तकात तुरुंग नाही. पण रात्रीमागून रात्र सोबत्यांना गोष्ट सांगण्याची त्याची घडण तुरुंगातील संध्याकाळचा ठसा घेऊन आली आहे. मोळी उचलू न शकणाऱ्या महार म्हातारीला हात दे, असे मुलाला सांगणारी आई त्यात आहे. ज्या तुरुंगात हे लिहिले गेले त्या तुरुंगाच्या यंत्रणेला यात आक्षेपार्ह काही दिसले नाही, आणि दिसण्याचे कारणही नव्हते. १२४-अ कलम फक्त सरकारवरील प्रीतीचे रक्षण करीत होते. त्याच लेखकाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले तेव्हा विरोध सरकारकडून नव्हे, समाजाकडून झाला. माणसाच्या हक्कांसाठी लिहिणारा मराठी लेखक दोन सत्तांशी झगडत होता, पैकी एकीजवळच तुरुंग होता. वाङ्मयेतिहासात कारावास हाच निर्भयतेचा मापदंड मानला की दुसऱ्या सत्तेशी झगडलेले लेखक मोजदादीतून गळतात. त्याउलट आगरकरांचे उदाहरण घ्यावे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाविरुद्ध लिहिल्याने अब्रुनुकसानीच्या खटल्यात ते व टिळक डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. परंतु आगरकरांची खरी झुंज ज्या लेखांत आहे, त्यांसाठी त्यांना कोणी तुरुंगात घातले नाही; त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले ते अर्थनिर्णयाच्या बाबतीतच. १९४२ मध्ये फेडरल न्यायालयाने राजद्रोहाचा संबंध सार्वजनिक अव्यवस्थेशी जोडला होता. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात तो तोडून पुन्हा स्ट्रॅचींची परंपरा उचलून धरली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात, संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाशी मेळ घालताना, हिंसेस किंवा अव्यवस्थेस उत्तेजन देण्याची प्रवृत्ती असेल तरच कलम लागू होते, असे ठरवले. हीटन यांच्या भेदाला १९०९ मध्ये जे मिळाले नाही ते त्रेपन्न वर्षांनी तत्त्वतः मिळाले. पण या सुधारणेचा उपयोग ज्या खटल्यात लेखन वाचले जाते त्यातच.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी आणीबाणीतील लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा उघड निषेध केला. १९७६ मध्ये त्यांना अटक होऊन त्या तुरुंगात गेल्या. ज्या विदुषीने आयुष्यभर लोककथांचे पाठभेद तपासले, तिच्या स्वतःच्या शब्दांची मात्र कोणत्याही न्यायासनापुढे अशी तपासणी झाली नाही. त्या काळी स्थानबद्धतेसाठी वापरल्या गेलेल्या ‘मिसा’ कायद्यात आरोप सिद्ध करण्याची आवश्यकताच नव्हती, आणि २८ एप्रिल १९७६ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांचा बंदिप्रत्यक्षीकरणाचा मार्गही बंद केला होता. टिळकांच्या खटल्यात भाषांतर सदोष होते, ज्यूरी परभाषी होती, न्यायाधीश प्रतिकूल होता. पण लेख मोठ्याने वाचला गेला, प्रत्येक शब्दावर वाद झाला आणि तो वाद छापला गेला. दावरांचे वाचन चुकीचे ठरवता येते, कारण ते उपलब्ध आहे. आणीबाणीतील स्थानबद्धतेचे आदेश टीकाकाराला काहीच देत नाहीत. अर्थाची चूक दाखवावयाची तर कोणीतरी अर्थ केलेला असावा लागतो.

अलीकडच्या काळात तिसराच प्रकार दिसतो. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक व कवी सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये अटक झाली आणि मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. जून २०१८ मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणी त्यांना पुन्हा अटक झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केला. त्याच प्रकरणात जातिव्यवस्थेचे अभ्यासक आनंद तेलतुंबडे एप्रिल २०२० पासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत तुरुंगात होते. आरोपांच्या सत्यासत्यतेचा निर्णय न्यायालयाचा आहे. तो येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते कालमान. १९०८ मध्ये टिळकांची अटक २४ जूनला झाली व शिक्षा २२ जुलैला, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी. ढवळे यांच्या बाबतीत साडेसहा वर्षे लोटली तरी आरोपनिश्चिती झालेली नव्हती. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली जामिनाच्या टप्प्यावर न्यायालयाने आरोप सकृद्दर्शनी खरा वाटतो की नाही एवढेच पाहावयाचे असते. म्हणजे वाचन होते, पण ते सकृद्दर्शनी, वरवरचे. सखोल वाचन खटल्यासाठी राखून ठेवलेले असते, आणि तोवर कारावास भोगून होतो.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ कलमाचा वापर स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरले नाही. ‘अप्रीती’ हा शब्द त्याबरोबर गेला. त्या जागी आलेल्या १५२ व्या कलमात फुटून निघणे, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया यांना चिथावणी आणि विभक्ततावादी कारवायांच्या भावनांना उत्तेजन अशी शब्दरचना आहे. पहिल्या भागात कृती आहे, म्हणजे हीटन यांच्या भेदातील दुसरी बाजू. तेथे अर्थनिर्णयाला निदान काही आधार सापडेल. परंतु ‘भावना’ हे नाम शेवटच्या भागात टिकून राहिले आहे, आणि ‘कारवायांच्या भावना’ ही षष्ठी वैयाकरणाला विचारात पाडणारी आहे. कारवाई ही कृती. भावनेशी तिचा संबंध कोणता? कारवाईविषयीची भावना, कारवाईतून उपजणारी भावना, की कारवाईकडे नेणारी भावना? आणि ती कोणाची : लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची, की वाचणाऱ्याला काय वाटेल याची कल्पना करणाऱ्या तिसऱ्याची? १८९७ मध्ये स्ट्रॅचींच्या ज्यूरीपुढे उपसर्गाचा प्रश्न होता. आता तो विभक्तीचा आहे.